पौषातली उन्हाळी

जगदेवीच्या हातच्या कडक भाकरीला गल्लीत नाव होतं, आणि तिच्या देव्हाऱ्याच्या खणातल्या गोळीला त्याहून जास्त. भाकरी न्यायला खानावळवाले येत, पुण्याला निघालेली पोरं पिशव्या भरून नेत. गोळी न्यायला मात्र बायकाच येत, त्याही मागच्या दारानं. आल्या की आधी ज्वारी कशी मिळाली ते विचारत, मग नळ कधी आला होता ते, आणि मग पदर तोंडाशी नेऊन म्हणत, "आक्का, उन्हाळी लागलीय की लई. बसंना झालंय."

उन्हाळी म्हणजे लघवीची जळजळ. थेंब थेंब होते, आग आग होते, जाऊन आलं की परत जावंसं वाटतं. नावातच ऊन असल्यावर कारण शोधायला कुणी लांब कशाला जाईल? अंगात उष्णता झाली, दुसरं काय. सोलापूरचं ऊन, बारा महिने तव्यापुढची बैठक, नळ चार-पाच दिवसांआड येणार म्हणून पाणी जपून प्यायचं. आणि प्यायलं तरी काम टाकून उठायचं कुणी, म्हणून तासन्‌तास दाबून धरायचं. एवढं झाल्यावर आग होणारच, असं सगळ्या बायकांनी धरूनच ठेवलं होतं.

जगदेवी त्यांना धने-जिऱ्याचं पाणी सांगायची, सब्जा सांगायची आणि खणातली गोळी काढून द्यायची. काही वर्षांमागं तिला स्वतःला थंडी वाजून ताप भरला होता, तेव्हा एका डॉक्टरनं ती लिहून दिली होती. दुसऱ्याच गोळीला आग अशी विझली, की तव्यावर पाणी शिंपडावं. तेव्हापासून ते रिकामं पाकीट तिनं जपून ठेवलं. पाकीट दाखवलं की मेडिकलवाला न बोलता नवं काढून द्यायचा. ते खणात अक्कलकोटच्या अंगाऱ्याच्या पुडीशेजारी राहायचं. औषध काय नि अंगारा काय, दोन्ही स्वामींच्याच पायांशी असावं, असं तिला वाटे.

देताना ती बजावून सांगायची, "दोन घे. आग थांबली की बास कर. गोळी गरम असतीय, जास्ती खाल्लीस तर उन्हाळी वाढंल. वरनं ताक पी."

आजार उष्णतेचा, गोळी गरम. मग गरजेपुरती घ्यावी आणि हात आखडावा, हे कुणालाही पटावं असंच होतं. बायकांना उतार पडायचा. त्या दुवा देऊन जायच्या. महिन्या-दोन महिन्यांनी त्याच बायका त्याच मागच्या दारानं परत यायच्या आणि जगदेवी म्हणायची, "ऊनच तसं हाय, काय करतीस."

संस्कृती तिची एकुलती लेक. कुर्डुवाडीला दिली होती. जावई अजिंक्य तिथल्या रेल्वेच्या वर्कशॉपात. पहिलटकरीण म्हणून बाळंतपण माहेरी, आणि पौषात लेक आणत नाहीत म्हणून सातवा लागताच मार्गशीर्षातच तिची ओटी भरून तिला सोलापूरला आणली. निघताना संस्कृतीच्या सासूनं, बजाबाईनं, सुनेचा हात जगदेवीच्या हातात दिला आणि हसत हसत म्हणाली, "विहीणबाई, आमचं माणूस तुमच्या ओटीत घातलंय. एकाची दोन करून द्या."

जगदेवीही हसली. पण ते बोलणं गळ्यात धोंडा बांधल्यासारखं तिच्याबरोबर सोलापूरला आलं.

माहेरी येऊन आठवडा झाला असेल-नसेल, संस्कृती सारखी मोरीकडं जाऊ लागली. जगदेवीनं तोंड बघूनच ओळखलं. दोन गोळ्या, ताक, सब्जा. उतरली. परत लागली. परत दोन.

"डॉक्टरबाईला सांगू का गं आई?" संस्कृतीनं विचारलं. "तपासायला जायचंच हाय की पुढच्या वेळी."

"उन्हाळीचं काय सांगायचं डॉक्टरला? हसतील. अन् तुझ्या सासूच्या कानावर गेलं तर म्हणंल, माहेरात तव्यापुढं बसवली सुनंला."

झालं होतंही तसंच. भोगी जवळ आली होती. भोगीला घरोघरी तीळ लावलेली बाजरीची भाकरी लागते, आणि थापायला ज्यांना वेळ नाही ती सगळी घरं जगदेवीकडं सांगून ठेवतात. कामाला येणारी सोनाबाई आणि ती, दोघींचे हात पुरेनात. संस्कृती नको नको म्हणताना परातीपुढं बसली आणि तीळ लावू लागली.

भोगीच्या आदल्या दिवशी दुपारी तिच्या हातातली भाकरी थरथरू लागली. आधी सोनाबाईला वाटलं, पोरगी हसतेय. मग दात वाजायला लागले. तव्याच्या एवढ्या धगीत बसलेली पोर हिवानं कुडकुडत होती.

"आक्का, हात लावून बघा हिला," सोनाबाई म्हणाली. "ही उन्हाळी न्हवं."

जगदेवीनं कपाळाला हात लावला आणि मागं घेतला. संस्कृती उजव्या कुशीवर हात दाबून वाकली, ओकली, आणि म्हणाली, "पाठीत कोण तर सळई घालतंय गं आई."

तवा चुलीवर तसाच राहिला. शेजारच्या इलाहीबक्षनं रिक्षा काढली. त्या गल्लीत त्याच्या रिक्षातून कैक बायका बाळंतपणाला गेल्या होत्या, पण इतकी हळू त्यानं ती कधी चालवली नव्हती. खड्डा दिसला की म्हणायचा, "सांभाळून बेटा, आला बघ." नाव घातलं होतं त्या दवाखान्यात पोचेपर्यंत संस्कृतीचे डोळे तांबारले होते.

तिथल्या तरुण डॉक्टरनं भराभर विचारायला सुरुवात केली. पोरगा मुंबईचा, नुकताच रुजू झालेला. बोटाला लावायचा चिमटा, हाताला सुई, लघवीची बाटली, सगळं एकदमच चाललं होतं. तेवढ्यात दारात बजाबाई उभी राहिली. संक्रांतीचं वाण घेऊन ती सुनेला भेटायला निघालीच होती. स्टेशनातून घरी गेली, तर सोनाबाईनं इकडं धाडली. हातात तिळगुळाचा डबा, कपाळाला आठी.

"याआधी लघवीचा त्रास झाला होता का?" डॉक्टरनं विचारलं.

बजाबाई जगदेवीकडं बघत होती. जगदेवीच्या जिभेवर खरं आलं होतं, पण ते बजाबाईच्या नजरेला अडखळलं आणि निम्मंच बाहेर पडलं. "उन्हाळीच तेवढी. बाकी काय न्हाय."

"बरं, उन्हाळी," असं म्हणत त्यानं काहीतरी लिहिलं. "गोळ्या वगैरे काही घेतल्या?"

"न्हाय."

पलंगावरून संस्कृतीनं आईकडं बघितलं. मग कूस बदलली.

इंजेक्शन सुरू झालं. डॉक्टरनं सांगितलं, लघवीतले जंतू वर मूत्रपिंडापर्यंत गेलेत, म्हणून ताप. कुठला जंतू आणि त्याला काय लागू पडतं हे कळायला लघवी तपासणीला पाठवलीय, रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतील. तोवर नेहमीचं औषध चालू. बहुतेकांना यानंच उतार पडतो.

भोगी आली आणि गेली. ताप खाली यायचा, जगदेवी हात जोडायची, आणि जोडलेले हात सोडते न सोडते तोच पोरीचे दात परत वाजायला लागायचे. त्यात दुसरंच सुरू झालं. पोट मधेच दगडासारखं घट्ट व्हायचं आणि सैल पडायचं. नर्सनं पोटावर यंत्र टेकवून बाळाचे ठोके ऐकवले. घोडा उधळल्यासारखे पळत होते.

"जास्त हायत का?" जगदेवीनं विचारलं.

"आईला ताप असला की बाळाचे वाढतात," नर्स म्हणाली. "डॉक्टर येतायत."

बजाबाई खुर्चीवर बसून होती. ती ओरडणाऱ्यातली नव्हती. तिचं बोलणं चिमट्यासारखं, हळूच आणि नेमकं. "आमच्याकडं हुती तवर पोरीला शिंक आली न्हवती," ती भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाली.

जगदेवीनं पदराच्या गाठीतला अंगारा काढून लेकीच्या कपाळाला लावला. बोट तसंच कपाळावर राहिलं. स्वामींना काय मागावं ते तिला सुचेना. पोर बरी कर म्हणावं, तर आतून कुणीतरी विचारत होतं, तू काय दिलंस ते आधी सांग की.

संक्रांतीच्या सकाळी मोठ्या डॉक्टरबाई, समरा मॅडम, फेरीला आल्या. बाई सोलापूरच्याच, शिक्षण सारं इथलंच. बोलायला मऊ, पण कागद वाचताना भुवया अशा जवळ यायच्या की समोरच्यानं गप्प बसावं. त्यांनी कागद वाचला आणि तरुण डॉक्टरला विचारलं, "हे काय लिहिलंयस? उन्हाळ्यापासून त्रास?"

"हो मॅडम. आईंनी सांगितलं. उन्हाळी."

"उन्हाळ्यात ही बाई गरोदर तरी होती का नीट?"

पोरगा गोंधळला. मॅडमनी डोळे मिटून उघडले. "अरे, उन्हाळी म्हणजे उन्हाळा नाही. आमच्याकडं लघवीच्या जळजळीला उन्हाळी म्हणतात. पौषात पण लागते." मग त्या जगदेवीकडं वळल्या. "मावशी, कितीदा लागली? आणि लागल्यावर काय दिलं?"

त्या पोराच्या चुकीखाली जगदेवी दोन दिवस लपून राहिली होती. ते छप्पर निघालं. बजाबाई खुर्चीत पुढं सरकली.

"धने-जिऱ्याचं पाणी..." जगदेवी म्हणाली.

"आणि?"

जगदेवीनं पलंगावरची चादर नीट केली.

"मावशी, मी रागवायला विचारत नाही." मॅडम पलंगाच्या कडेवर बसल्या. "रिपोर्ट उद्या येईल. हिचा ताप उद्यापर्यंत थांबायला तयार नाही, आणि पोट बघा, कळा धरायला लागलंय. हे बाळ आत्ता बाहेर आलं तर फार लहान आहे. मला आजच ठरवायचंय की इंजेक्शन बदलू का नको. तुम्ही दिलेली गोळी आणि आमचं हे इंजेक्शन एकाच घराण्यातलं असेल, तर आम्ही दोन दिवस पाण्यानं आग विझवायच्याऐवजी नुसती फुंकर घालतोय."

जगदेवीनं एकदा बजाबाईकडं बघितलं. मग खाली बघून सगळं सांगितलं. गोळीचं नाव तिला तोंडपाठ होतं. माहेरी आल्यापासून दोनदा दिली. लग्नाआधी तर विचारूच नका. परीक्षेच्या दिवसांत, जत्रेच्या दिवसांत, जेव्हा जेव्हा लागली तेव्हा तेव्हा. प्रत्येक वेळी दोनच. "गरम पडू नये म्हणून," ती म्हणाली, आणि ते ऐकताना तिचं तिलाच कसंतरी झालं.

मॅडमनी मान हलवली. "दोन गोळ्यांत कच्चे जंतू मरतात, म्हणून बरं वाटतं. चिवट असतात ते राहतात. पुढच्या वेळी त्या चिवटांचीच पिलावळ. परत दोन गोळ्या, परत त्यातले चिवट मागं."

जगदेवीला तिच्या माहेरचं रान दिसलं, अक्कलकोटकडचं. वरवर खुरपलं की हलकं गवत निघून जायचं आणि हरळी तेवढी राहायची. वडील ओरडायचे, अगं तू तण काढलंस का हरळीला जागा करून दिलीस? आणि पुढच्या साली रानभर नुसती हरळी. खुरपं बोथट व्हायचं पण ती निघायची नाही. ती हरळी आता लेकीच्या कुशीत होती आणि जागा आईनंच करून दिली होती.

आता बजाबाई काय म्हणणार, ते ऐकायला जगदेवीनं मान खाली घालून ठेवली.

बजाबाईनं तिळगुळाचा डबा मांडीवरून खाली ठेवला. "डॉक्टरीणबाई," ती म्हणाली, "आमच्याकडनं बी दिल्यात."

"काय?"

"गोळ्या. ह्यांचं मुतखड्याचं ऑपरेशन झालं तवाच्या उरल्या हुत्या. सुनंला उन्हाळी लागली का मी एक-एक द्यायचे. लग्नाच्या पहिल्या वर्सात तीन-चारदा. दिवस गेल्यावर बी एकदा." तिचा आवाज खाली गेला. "मला वाटलं, हिच्या आईला कळलं तर म्हणंल, सासूनं पोरीवर पुरुषाचं औषध केलं. म्हनून सूनबाईला सांगितलं, तिकडं बोलू नको."

"अन् मी सांगितलं हुतं, तिकडं बोलू नको," जगदेवी म्हणाली.

दोघींनी एकदमच पलंगाकडं बघितलं. संस्कृतीचे डोळे मिटलेले होते, पापण्यांखालून पाणी येत होतं. "मी कुणाला बोलायचं मग?" ती म्हणाली.

मॅडमना रागवायलाही वेळ नव्हता. "तुमच्याकडची गोळी कुठली? नाव पाहिजे मला. आत्ता."

बजाबाईनं नवऱ्याला फोन लावला. जोतीरामभाऊ कुर्डुवाडीत घरात एकटे. फडताळात हुडका म्हटल्यावर त्यांनी फडताळच खाली काढल्याचा आवाज आला. पाकीट सापडलं, पण चष्मा सापडेना. फोटो पाठवा म्हटलं, तर पहिला फोटो आला तो नुसत्या अंगठ्याचा.

"आवं, अंगठा काढा की मधनं," बजाबाई फोनमध्ये म्हणाली. "अंगठा बघून औषध कळतंय व्हय?"

एरवी सगळे हसले असते. दुसऱ्या फोटोत निम्मं फाटलेलं नाव होतं. मॅडमनी ते मोठं करून बघितलं, आणि तरुण डॉक्टरला एवढंच म्हणाल्या, "औषधांची दोन्ही घराणी गेली. रिपोर्टची वाट नको बघायला. बदल."

नवं इंजेक्शन मोठ्या बाटलीतून थेंब थेंब द्यायचं होतं. बाळ लवकर आलंच, तर त्याच्या छातीत बळ असावं म्हणून आणखी एक सुई दिली. मॅडम दोघींना दाराबाहेर घेऊन आल्या. "हे औषध आम्ही राखून ठेवतो," त्या म्हणाल्या. "पोटात बाळ आहे म्हणून बाकीची काही औषधं मला वापरता येत नाहीत. हे लागू पडावं अशी मी पण दुवा करते. नाहीच पडलं, तर माझ्या हातात फार काही उरत नाही."

त्या दिवशी गड्ड्याच्या जत्रेकडं चाललेले लोक खिडकीखालून जात होते. मिरवणुकीला नंदीध्वज निघाले असतील, असं जगदेवीला वाटलं, आणि दर वर्षी त्यांना हात जोडणारी ती खिडकीपाशी गेलीसुद्धा नाही. बजाबाई पायांशी, ती उशाशी. लेकीचं पोट घट्ट झालं की दोघी एकमेकींकडं बघायच्या. सैल झालं की श्वास सोडायच्या. अजिंक्य येऊन बायकोपाशी बसला, त्याला दोघींपैकी कुणीच काही सांगितलं नाही. संस्कृतीनंच सांगितलं, सगळं, दोन्ही घरचं. तो दोन्ही आयांकडं बघत राहिला आणि पाणी आणायला म्हणून बाहेर गेला, तो बराच वेळ आला नाही.

रिपोर्ट आला. मॅडमनी कागद पुढं धरला. औषधांच्या नावांची लांब रांग आणि जवळजवळ प्रत्येकापुढं एकच अक्षर.

"हे 'आर' म्हणजे काय?" जगदेवीनं विचारलं.

"म्हणजे हा जंतू त्या औषधाला जुमानत नाही."

"सगळीकडं तेच हाय की."

"सगळीकडं नाही." मॅडमनी खालच्या एका ओळीवर बोट ठेवलं. "हे आपण कालच सुरू केलंय. काल बदललं नसतं, तर आज बदललं असतं. तो एक दिवस मिळाला."

ताप एकदम गेला नाही. चढला, पण पहिल्याइतका नाही. पुन्हा चढला, त्याहून कमी. मग एका दुपारी संस्कृतीच्या कपाळावर घाम आला, सगळी उशी भिजली, आणि तिनं भाताची पेज मागितली. यंत्रातला घोडा चालीवर आला होता. पोट मऊ होतं. बजाबाईनं हात ठेवला, तर आतून बाळानं असा पाय मारला की ती "आई गं" म्हणून हसली, आणि मग पदरात तोंड घालून रडली.

पण औषध अजून बरंच राहिलं होतं. शिरा सापडेनाशा झाल्या होत्या. दोन्ही मनगटं काळीनिळी, एका हाताला सूज. सुईचा ट्रे घेऊन नर्स आली की संस्कृती हात पोटाखाली लपवायची.

"आई, सांग ना त्यांना, आता बास," त्या संध्याकाळी ती म्हणाली. "ताप न्हाय, आग न्हाय. मला बरं वाटतंय. बाळाला गरम पडंल एवढं."

बजाबाई विरघळली. "खरंच की हो विहीणबाई. उतार पडलाय तर विचारून बघावं का घरी न्यायचं? पोरीचा हात बघवंना."

पोरीचा हात जगदेवीलाही बघवत नव्हता. सगळं आयुष्य ती दुसऱ्याच्या तोंडावरची वेदना बघून लगेच उठणारी बाई, खण उघडणारी. तिनं लेकीच्या पोटाखालून हात हळूच ओढून काढला, तळव्याखाली आपला तळवा ठेवला आणि नर्सपुढं धरला.

"किती दिवस ते मॅडम सांगतील," ती म्हणाली. "आपण न्हाय."

नर्सनं रबर बांधलं, शीर चाचपली, पहिल्यांदा चुकली.

"दुखतंय गं आई."

"दुखू दे," जगदेवी म्हणाली, आणि हात सोडला नाही.